आईच्या रिपोर्टमधलं ‘टू प्लस’

पत्र

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माहेर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. आई ५८ वर्षांची. ऐन गोडी छाटणीच्या धांदलीत तिनं डाव्या स्तनात गाठ असल्याचं सांगितलं. नाशिकला ऑपरेशन झालं. काखेतल्या १४ गाठींपैकी (लिंफ नोड) २ मध्ये कॅन्सर निघाला. मग दर पंधरा दिवसांनी किमो, ती माल उतरवून होईपर्यंत चालली. त्यानंतर शेक (रेडिएशन), आणि आता रोज लेट्रोझोलची गोळी. रिपोर्टवर लिहिलंय: ईआर ९० टक्के, पीआर ६० टक्के, हर-टू २+, केआय-६७ २५ टक्के.

ग्रोथ फॅक्टरमुळे, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या पदार्थांमुळे, कॅन्सर पसरतो असं मी वाचलं. आणि आईला तर प्रत्येक किमोच्या दुसऱ्या दिवशी पोटात ‘ग्रोथ फॅक्टर’चंच इंजेक्शन दिलं, बिलावर तसं लिहिलंय. आम्हीच पैसे मोजून पसरवला का? तिची पाळी जाऊन आठ वर्षं झाली, हार्मोनची गोळी तिनं कधी घेतली नाही, तरी हार्मोन पॉझिटिव्ह कसं? वडील म्हणतात, घडांना जीए (मणी फुगवायचं औषध) देऊन देऊन हे झालं. ते स्वतःलाच दोष देत बसतात. मामा म्हणतात, तपासणीसाठी गाठीला सुई लावली म्हणून काखेत गेला. शेजारच्या काकूंना दर २१ दिवसांनी इंजेक्शन असतं, आईला नुसती गोळी. म्हणजे तिचा आजार हलका आहे, की डॉक्टरांनी आशा सोडली? गोळीनं सकाळी तिची बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात. ‘बंदच करते’ म्हणते. बागेत जाते म्हणूनही हट्ट चाललाय. काय करू?

— एक लेक, नाशिक

उत्तर

ताई, पत्रात सात-आठ प्रश्न आहेत, पण जो सगळ्यात आधी विचारायला हवा होता तोच नाही. हर-टू २+ आलं, मग पुढे काय केलं? तुमच्या पत्रात त्यानंतरचा एकही कागद दिसत नाही. कागद घरात कुठे फाइलमध्ये असेल तर उत्तमच. नसेल, तर बाकीचं सगळं नंतर, आधी ही तपासणी.

कारण २+ हा निकालच नाही. माझी सगळी नोकरी मायक्रोस्कोपखाली असल्या काचा बघण्यात गेली, तेव्हा तो आकडा येतो कसा ते सांगते. गाठ काढली की फॉर्मलिनमध्ये टाकतात, मग तिचे तुकडे मेणात बसवून ब्लॉक करतात. त्या ब्लॉकचे केसाहूनही पातळ काप काढून काचेवर घेतात आणि त्यावर अँटिबॉडी सोडतात. रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रसायनाचा निरोप ऐकणारं पेशीतलं प्रथिन, असेल तिथे तपकिरी रंग चढतो. ईआर (इस्ट्रोजेनचा रिसेप्टर) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) हे पेशीच्या केंद्रकात असतात, म्हणून तिथे तपकिरी ठिपके दिसतात. शंभर पेशींतल्या नव्वदांत ठिपका दिसला की ९० टक्के लिहितात. हर-टू मात्र पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतो, त्यामुळे तिथे पेशीची कड रंगते. जाड, गडद, सलग कड असेल तर ३+. काहीच नाही किंवा पुसटशी अर्धवट रेघ असेल तर ० किंवा १+. आणि कड पूर्ण आहे पण फिकी आहे, तर २+. याचा अर्थ बघणारा लिहून देतो की मला डोळ्यांनी ठरवता येत नाही, जनुक मोजा.

ते मोजायच्या तपासणीला फिश म्हणतात. १७ व्या गुणसूत्रावर हर-टूचं जनुक असतं. अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसंट मायक्रोस्कोपखाली हर-टूचे ठिपके एका रंगात आणि गुणसूत्राच्या मध्याचे ठिपके दुसऱ्या रंगात चमकतात. एकेका पेशीतले दोन्ही मोजायचे आणि गुणोत्तर काढायचं. ते २ किंवा जास्त आलं आणि पेशीमागे हर-टूच्या सरासरी ४ तरी प्रती असल्या की पॉझिटिव्ह. यासाठी आईला पुन्हा सुई लागत नाही. जुना ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो, तोच पाठवायचा.

आता याला एवढं महत्त्व का, ते काकूंच्या इंजेक्शनवरून सांगते. हर-टू हा ग्रोथ फॅक्टरचाच रिसेप्टर आहे, पण विचित्र. त्याचे भाऊबंद बाहेरून एखादा ग्रोथ फॅक्टर येऊन चिकटला की जागे होतात. हर-टूला तसा कोणी लागत नाही. पेशीवर त्याची गर्दी झाली की तो दुसऱ्या हर-टूशी किंवा शेजारच्या हर-थ्री या भावाशी जोडी जमवतो आणि ‘वाढ, हाल, मरू नकोस’ असा हुकूम आत सोडत राहतो. अमेरिकेतल्या डेनिस स्लेमन यांच्या गटानं १९८७ साली दाखवलं की ज्या स्त्रियांच्या गाठीत या जनुकाच्या जास्त प्रती असतात, त्यांचा आजार लवकर उलटतो, म्हणजे परत येतो. अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, याच रिसेप्टरला पकडणारं ट्रॅस्टुझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. २००५ मध्ये ऑपरेशननंतरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा किमोच्या जोडीला हे औषध मिळालेल्या स्त्रियांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं होतं. काकूंचं दर २१ दिवसांचं इंजेक्शन बहुधा हेच. ते वर्षभर चालतं.

त्यामुळे आजार हलका की आशा सोडली, या प्रश्नाला दोन्हीकडे ‘नाही’ असंच उत्तर आहे. फिश निगेटिव्ह आलं तर आईला ते इंजेक्शन उपयोगाचं नाही आणि गोळी हाच तिचा खरा उपचार आहे. पॉझिटिव्ह आलं तर इंजेक्शनही हवं, आणि गोळीही चालूच राहील. हे औषध किमोसोबत किंवा किमो संपल्यावर लगेच सुरू करतात, म्हणून ही तपासणी याच आठवड्यात मार्गी लावा. उशीर झालाय, वेळ गेलेली नाही. खर्चाला घाबरू नका. २०१४ पासून भारतात बनलेली ट्रॅस्टुझुमॅब मिळतात आणि किंमत पूर्वीपेक्षा खूप उतरली आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. सुरू करण्याआधी हृदयाची टू-डी एको होईल आणि मध्येमध्ये पुन्हा होईल. त्याचा अर्थ हृदयात बिघाड आहे असा नाही. हे औषध काहींच्या हृदयाचं पंपिंग कमी करतं, त्यावर लक्ष ठेवायचं असतं.

आता पोटातलं इंजेक्शन. ताई, ते पैसे वाया गेले नाहीत आणि त्यानं काही पसरवलंही नाही. ग्रोथ फॅक्टर हे एकाच रसायनाचं नाव नाही, ते मोठं खानदान आहे. आईला दिलं ते जी-सीएसएफ. ते ऐकणारे रिसेप्टर मुख्यतः अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार करणाऱ्या पेशींवर असतात. किमोनं त्या पेशी झोपतात, इंजेक्शन त्यांना उठवतं, म्हणूनच ते घेतल्यावर कंबर आणि मांड्या ठणकतात. हे औषध १९९१ पासून वापरात आहे. अशी दर पंधरा दिवसांची किमो सहसा त्याच्याशिवाय देत नाहीत, कारण तीन आठवड्यांचं काम दोनमध्ये करायचं तर रक्त तेवढ्या वेळात सावरायला हवं. आणि २००३ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, हे इंजेक्शन देऊन दोन-दोन आठवड्यांनी किमो घेतलेल्या स्त्रियांत आजार उलटणं कमी झालेलं दिसलं. इंजेक्शनानं पसरत असता तर उलटं दिसलं असतं.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही याच वाटेनं जातं, आणि ते बागायतदार असल्यानं त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या मण्यात बी नसतं. बी असलेल्या द्राक्षात बी स्वतःच जिबरेलिन तयार करतं आणि मणी फुगतो. बिनबियाच्या मण्याला ते आतून मिळत नाही, म्हणून आपण जीएच्या द्रावणात घड बुडवतो. आता तेच द्रावण त्यांनी बांधाच्या दगडावर ओतलं तर दगड फुगणार नाही. ऐकणारा रिसेप्टर हवा. वनस्पतीतला जीएचा रिसेप्टर जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली भाताच्या रोपात शोधला. माणसाच्या पेशीत तो नसतो. स्तनातल्या पेशीला जीए वाढीचा हुकूम देऊ शकत नाही. कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं हा वेगळा विषय आहे, ती फवारताना मास्क आणि हातमोजे हवेतच, त्यात हयगय नको. पण एका बाईच्या एका गाठीचं कारण असं बोट ठेवून दाखवता येत नाही. वडिलांना म्हणावं, हा बोजा उतरवून ठेवा.

रसायन कोणतं याच्याइतकंच ते ऐकणारी पेशी कोणती, हे बघावं लागतं. हेच पुढे आईच्या आजारालाही लागू आहे.

पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन संपलं, असं जवळपास सगळ्याच बायकांना वाटतं. अंडाशय थांबतात, हे खरं. पण मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी जातीची हार्मोन थोडी थोडी सोडत राहतात, आणि चरबी, स्नायू, कातडी यांतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम त्यांचं इस्ट्रोजेन करतं. स्तनातही चरबी असते, तिथेही हा कारखाना चालू असतो. त्यामुळे पाळी गेलेल्या बाईच्या स्तनात रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त इस्ट्रोजेन सापडतं. आईनं बाहेरून काही घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. आणि ‘हार्मोन पॉझिटिव्ह’ याचा अर्थ हार्मोन वाढलंय असा नाहीच. गाठीच्या पेशींमध्ये ते ऐकणारे रिसेप्टर आहेत, एवढाच आहे. लेट्रोझोल हे एन्झाइमच बंद पाडतं. ही गोळी रोज घेतली की शरीरातलं असं रूपांतर जवळपास पूर्ण थांबतं.

हे ज्ञान आजचं नाही. १८९५ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी आजार पसरलेल्या बाईचे अंडाशय काढले आणि गाठी विरताना पाहिल्या. इस्ट्रोजेन हे नावसुद्धा तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं. सगळ्या बायकांना त्याचा उपयोग होत नव्हता, काहींनाच व्हायचा, आणि का ते कुणालाच सांगता येईना. शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून ते कुठे जाऊन बसतं ते दाखवलं, तेव्हा रिसेप्टर सापडला आणि कोडं सुटलं. ज्यांच्या गाठीत रिसेप्टर, त्यांनाच उपयोग.

आता तुमचा मूळ प्रश्न, पसरतो कसा. इथे थोडं सावकाश वाचा.

निरोगी स्तनात ज्या पेशींत ईआर असतो, त्या स्वतः सहसा विभागत नाहीत. इस्ट्रोजेन आलं की त्या ॲम्फिरेग्युलिनसारखे ग्रोथ फॅक्टर सोडतात आणि विभागायचं काम शेजारच्या पेशी करतात. निरोप घेणारी एक, काम करणारी दुसरी. कॅन्सरमध्ये ही शिस्त मोडते. जिच्यात रिसेप्टर आहे तीच पेशी विभागायला लागते. त्यातून गाठ होते. पण गाठ होणं आणि पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाठीतल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनानं घट्ट धरून असतात. ती पकड सुटली, तरच एखादी पेशी बाहेर पडू शकते. ही पकड सोडवणाऱ्यांत ग्रोथ फॅक्टर पुढे असतात. टीजीएफ-बीटा सुरुवातीला पेशींची वाढ रोखतो, आणि कॅन्सर बळावला की तोच त्यांना पकड सोडून सरपटायला लावतो. एचजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर तर प्रयोगशाळेत पेशी विखुरणारा म्हणूनही ओळखला गेला. उंदरांच्या गाठी जिवंतपणी मायक्रोस्कोपखाली बघितल्या तेव्हा असं दिसलं की कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ (हा आईला दिलेला जी-सीएसएफ नव्हे) सोडून शरीराच्याच मॅक्रोफेज पेशीला बोलावते, मॅक्रोफेज ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर सोडून तिला पुढे ओढते, आणि दोघी तंतूंवरून एकीमागून एक रक्तवाहिनीपर्यंत जातात. रक्षण करायला ठेवलेली पेशीच वाट दाखवते. इतकी वर्षं या विषयात काढूनही मला हे वाचताना अस्वस्थ वाटतं.

व्हीईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर गाठीला नव्या रक्तवाहिन्या फोडून आणतो. त्याचाच भाऊ व्हीईजीएफ-सी लसिकावाहिन्या (लिंफच्या नळ्या) वाढवतो, आणि काखेतल्या गाठींकडे जायचा रस्ता तोच. मामांना हे सांगा. सुई लावल्यापासून ऑपरेशनपर्यंत काही आठवडेच गेले असतील. काखेतल्या गाठीत मायक्रोस्कोपखाली दिसण्याइतका कॅन्सर वाढायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो. तो आधीच गेलेला होता. सुई लावली नसती तर ईआर, पीआर, हर-टू यांतलं काहीच ऑपरेशनआधी कळलं नसतं. ‘सुई लावली की पसरतो’ या समजापायी बायका सहा-सहा महिने गाठ लपवून ठेवतात, आणि तोवर ती खरंच पसरते.

रक्तात शिरलेल्या पेशींपैकी बहुतेक सगळ्या तिथेच मरतात. ज्या टिकतात त्या कुठेही रुजत नाहीत. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळून दाखवलं की हा आजार ठरावीक अवयवच निवडतो. यकृतात भरपूर सापडतो, प्लीहेत क्वचित, जरी रक्त दोन्हीकडे जातं. आज आपण त्याची कारणं रिसेप्टरच्या भाषेत सांगू शकतो. हाडं, फुप्फुसं, यकृत हे अवयव सीएक्ससीएल-१२ नावाचा संदेश सोडतात आणि कॅन्सरच्या पेशींवर तो ऐकणारा सीएक्ससीआर-४ रिसेप्टर असतो. ईआर पॉझिटिव्ह आजाराचा ओढा हाडांकडे जास्त. हर-टू पॉझिटिव्ह आणि तिन्ही रिसेप्टर नसलेल्या आजारात मेंदूची भीती अधिक. हाडातली गोष्ट फार दुष्ट आहे. तिथे पोचलेली पेशी पीटीएच-आरपी नावाचा पदार्थ सोडून हाड कुरतडणाऱ्या पेशींना कामाला लावते. हाड झिजलं की त्यात साठलेले टीजीएफ-बीटा आणि आयजीएफ हे ग्रोथ फॅक्टर मोकळे होतात, आणि तेच खाऊन कॅन्सरची पेशी वाढते, मग आणखी हाड कुरतडते.

हे वाचून घाबरू नका, यातून आईसाठी एक कामाची गोष्ट निघते. पाळी गेलेल्या स्त्रियांना ऑपरेशननंतर दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन दिलं तर हाडांतला आजार उलटणं कमी होतं, हे २०१५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून दाखवलं गेलं. शिवाय लेट्रोझोलनं हाडं ठिसूळ होतात, तेही त्यानं भरून निघतं. आईच्या डॉक्टरांना याबद्दल विचारा, आणि हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन झालं नसेल तर करून घ्या. सलाईनआधी दात दाखवून घ्यायचे. किडलेला दात काढायचा असेल तर तो आधी, कारण नंतर जबड्याचं हाड लवकर भरत नाही.

मग ईआर पॉझिटिव्ह चांगलं की वाईट? ईआर पेशीला वाढवतो, हे झालंच. पण तोच तिला स्तनाच्या पेशीसारखं वागायलाही लावतो. तो चालू असतो तोवर पकड सोडवणारं स्नेल नावाचं प्रथिन दबून राहतं आणि ई-कॅडहेरिन टिकतं. म्हणून ईआर असलेल्या गाठी बहुधा सावकाश चालतात. आणि गोळीनं धरता येईल अशी जागा त्यांच्यात असते, जी तिन्ही रिसेप्टर नसलेल्या गाठीत नसते. मला विचाराल तर ९० टक्के हा आकडा बघून मला बरं वाटलं. केआय-६७ च्या (किती पेशी विभागताहेत ते दाखवणाऱ्या) आकड्याकडे मात्र फार बघत बसू नका, तो लॅबगणिक बदलतो.

वाईट बाजूही सांगायला हवी. हा आजार चिवट आहे. तिन्ही रिसेप्टर नसलेला आजार उलटायचा तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटतो. ईआर पॉझिटिव्ह मात्र पाच वर्षांनंतरही, अगदी वीस वर्षांपर्यंत, थोडा थोडा उलटत राहतो. झोपलेल्या पेशी कुठेतरी असतात. गोळी पाच वर्षं आणि काखेत आजार असेल तर कधी त्याहून जास्त का देतात, त्याचं उत्तर यात आहे.

आणि आता तुम्हाला कळेल की मी फिशवर एवढी का अडून बसले. ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टर आणि हार्मोनचे रिसेप्टर वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. हर-टूनं पेशीच्या पडद्यावरून सोडलेला हुकूम आत जाऊन ईआरवर फॉस्फेट चिकटवतो, आणि ईआर इस्ट्रोजेन नसतानाही जागा होतो. म्हणजे लेट्रोझोलनं इस्ट्रोजेन तोडलं, आई गोळी न चुकता घेतेय, आणि तरीही मागच्या दारानं काम चालूच. हर-टू खरंच पॉझिटिव्ह असेल तर ते दार बंद केल्याशिवाय गोळी पुरती लागू पडत नाही. निगेटिव्ह असेल तर ही चिंता बरीच मिटली.

आता सांधे. आई खोटं बोलत नाही, कटकटही करत नाही. या गटातल्या गोळ्यांनी निम्म्याच्या आसपास बायकांचे सांधे दुखतात. सकाळी मूठ न वळणं ही तर या गोळीची खूणच. पण परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगून थोडे दिवस थांबवून ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेनवर जाता येतं. एकीचा त्रास होणाऱ्या बाईला दुसरी सोसते, असं पुष्कळदा होतं. तेही नाही जमलं तर टॅमॉक्सिफेन आहे. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यानं ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले आहेत. त्यात पायात रक्ताची गुठळी आणि गर्भाशयाच्या अस्तराचा धोका थोडा असतो, म्हणून ते घेताना अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवायचं. ड जीवनसत्त्व कमी आहे का ते तपासा. आणि औषधाइतकंच कामी येतं ते चालणं आणि हलकी वजनं उचलणं. नियमित व्यायामानं या गोळ्यांची सांधेदुखी कमी होते, हे चाचणीतही दिसलंय. सुरुवातीला जास्त दुखू शकतं, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तिसऱ्या दिवशी चप्पल काढून बसेल.

एक गोष्ट आई तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मीच विचारते. या गोळीनं योनीमार्ग कोरडा पडतो, जळजळ होते. त्यासाठी कुणी इस्ट्रोजेनची क्रीम दिली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. ‘हार्मोन बॅलन्स’ करणारी चूर्णं आणि कॅप्सूल तर घरातच आणू नका. एकीकडे गोळीनं इस्ट्रोजेन तोडायचं आणि दुसरीकडे डब्यातून काय जातंय ते माहीत नाही, असं नको. रोजच्या जेवणातली सोयाबीनची भाजी चालेल.

ब्लॉकबद्दल. ज्या लॅबनं रिपोर्ट दिला तिथे लेखी अर्ज करून ब्लॉक आणि काचा मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवा. एकाहून जास्त ब्लॉक असतील तर गाठीचा कोणता ते लिहून घ्या. नाशिकहून मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरियरनं पाठवता येतो. परळला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं असेल तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं जाताना हाच ब्लॉक, सगळे रिपोर्ट आणि ऑपरेशनचा कागद बरोबर न्या. गाडीनं गेलात तर तो डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे, मे महिन्यातल्या उन्हात मऊ पडतं.

बागेत जाऊ द्या तिला. चालणं होतं, माणसांत राहते, आणि ती हट्टाला पेटली आहे ही चांगली खूण आहे. फवारणीच्या दिवशी मात्र नाही. डावा हात जपायचा, कारण काखेतल्या गाठी काढल्यानं त्या हाताचा निचरा कमी झालेला असतो. विरळणीची कात्री, तार, काटे यांपासून जपायला पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि जाड हातमोजा. क्रेट उचलायचे नाहीत, निदान डॉक्टर हो म्हणेपर्यंत. त्या हाताला कापलं, आणि तो लाल झाला, गरम लागला, सुजला किंवा ताप आला, तर हळद लावून दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.